देठ बघणारा मुलगा

यंदा लेकीकडे रॉचेस्टरला निघाले तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांची एकच मागणी होती : "काकू, रंगीत पानांचे फोटो पाठवा हं!" मीही कबूल केलं होतं. विमानातच ठरवून टाकलं होतं, की या वेळच्या सदरात अमेरिकेतल्या पानगळीवर लिहायचं. लिहिते आहेच. फक्त ठरवलं होतं तसं नाही.

आधी एक गंमत सांगते. तिकडच्या 'ऑटम'ला आपण सरळ शरद म्हणून मोकळे होतो, पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस सरून आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालेलं, कोजागिरीचं चांदणं, आणि आपल्या बडोद्यात त्या रात्री गच्चीवर दूध-पोहे. आपल्याकडे पानं गळतात ती शिशिरात, आणि तीही बहुतेक थंडीमुळे नव्हे, तर पुढे पाणी कमी पडणार म्हणून. तिकडे शरदातच झाडं आवरायला लागतात. त्यामुळे कोजागिरी आठवड्यावर आलेली आणि अंगावर स्वेटर, कानाला मफलर, असा माझा अवतार होता.

त्या राज्याचं पर्यटन खातं या दिवसांत दर आठवड्याला नकाशा काढतं, कुठल्या भागात रंग किती चढलाय ते सांगणारा. आमचे जावई तो नकाशा पंचांगासारखा बघत होते. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार ठरला. जायचं होतं लेचवर्थ स्टेट पार्कला. घरापासून गाडीने तासाभराचा रस्ता.

पार्क म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कमाटीबाग आली होती. ही बाग मात्र जेनेसी नदीच्या दोन्ही काठांनी सुमारे सतरा मैल पसरलेली आहे. जेनेसी पेन्सिल्व्हेनियात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत, रॉचेस्टर शहराच्या मधून जाऊन ऑन्टारिओ सरोवराला मिळते. हिमयुगाच्या शेवटी बर्फाने ओढून आणलेल्या माती-दगडांनी तिची जुनी वाट बुजली, तेव्हा तिने खडक कापून नवी वाट काढली. तीच आजची घळ. तिच्या कडा काही ठिकाणी जवळजवळ सहाशे फूट उंच आहेत, आणि त्यांत खडकाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. हा सगळा मुलूख मुळात सेनेका लोकांचा. 'जेनेसी' हे नावही त्यांच्याच भाषेतून आलेलं.

घळीत तीन मोठे धबधबे आहेत. वरच्या धबधब्याच्या डोक्यावरून रेल्वेचा कमानी पूल जातो. इथला पहिला पूल लाकडी होता, १८७५ साली तो जळाला. मग लोखंडी आला, आणि २०१७ पासून गाड्या आताच्या नव्या कमानीवरून जातात. मधला धबधबा १०७ फुटांचा. रंग बघायला येणाऱ्यांची सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याजवळ असते.

आणि रंग? खोटं कशाला बोलू, फोटोत दिसतात त्यापेक्षा खरे रंग जास्त आहेत. शुगर मेपल केशरी, रेड मेपल कुंकवासारखा, बर्च आणि बीच हळदीचे. ओक मात्र सावकाश, तो अजून हिरवा-तपकिरी. मधूनमधून हेमलॉकची सदाहरित झाडं काळपट उभी, त्यामुळे बाकीचे रंग आणखी उठून दिसत होते. खाली पांढरं पाणी, वर निळं आभाळ. मी फोन काढला आणि पदर खोचून कामाला लागले.

आता जे सांगणार आहे ते लेकीला विचारून सांगते आहे.

आमचा नातू आठ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे.

हे वाक्य मी आजवर मंडळात कधी उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलं तर, "जरा लाजाळू आहे हो," "दोन भाषांमुळे बोलायला उशीर लागतोय," "वडिलांवर गेलाय," अशी माझी ठरलेली उत्तरं होती. निदान झाल्याला चार वर्षं झाली आणि चारही वर्षं मी हेच सांगत होते. लेकीला ते ठाऊक होतं. ती काही बोलत नव्हती, आणि तिचं ते न बोलणं मला सोयीचं होतं.

तर मधल्या धबधब्याजवळ कठड्याशी चार ओळी लोक उभे. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. एक कुत्रं भुंकत होतं, एक बाळ रडत होतं. मला सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. मी नातवाला हात धरून कठड्याकडे ओढलं. "ये रे, एकच फोटो." त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी हात बाजूला केला. "नीट उभा राहा बघू." तेवढ्यात वरच्या बाजूने मालगाडीचा भोंगा वाजला.

पुढची वीस मिनिटं मी विसरणार नाही. तो खाली बसला आणि किंचाळायला लागला. स्वतःच्या मांडीवर बुक्के मारायला लागला. लेक त्याच्याजवळ जमिनीवर बसली, हात न लावता, फक्त जवळ. जावई लोकांना "जरा जागा द्या" म्हणून विनवत होते. आणि मी काय करत होते? मी बघत होते, की आपलं कुणी आहे का गर्दीत. होतंच. मागे एक गुजराती कुटुंब होतं, त्यातल्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी पटकन नजर फिरवली. परक्या देशात, ज्या बाई मला पुन्हा कधी भेटणार नाहीत, त्यांना मी घाबरले.

तो शांत झाल्यावर लेक एवढंच म्हणाली, "आई, त्याने कानावर हात ठेवले होते. तो सांगत होता तुला."

मी म्हटलं, "अगं, मला वाटलं हट्ट करतोय."

"माहितीये."

यापुढे ती काही बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

गाडीत बसल्यावर मला वाटलं आता घरी. पण जावई म्हणाले, "आई, आपण खरं तर दुसरीकडेच आलो होतो. धबधबा तुमच्यासाठी ठेवला होता." बागेतल्या बागेत थोडं पुढे निसर्ग केंद्राची इमारत आहे. तिच्याजवळून एक पायवाट सुरू होते, 'ऑटिझम नेचर ट्रेल'. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती खुली झाली. स्थानिक लोकांनी पुढाकार घेतला, देणग्या जमवल्या आणि ही वाट करवून घेतली. टेंपल ग्रँडिन, ज्या स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी सल्ला दिला होता.

एक मैलाची गोल वाट, झाडांच्या आतून. जिथून निघालो तिथेच परत, म्हणजे हरवायची भीती नाही. पायाखाली दाबून बसवलेली बारीक खडी, चाकाची खुर्चीही जाते. ठरावीक अंतरावर आठ जागा आहेत : कुठे वस्तू हाताळून बघायच्या, कुठे वाद्यं वाजवायची, कुठे चढायचं-धावायचं. मधेमधे एकट्याने बसायच्या जागा. कुणाला सगळं नकोसं झालं की तिथे बसावं, कुणी येऊन "काय झालं?" विचारत नाही. लेकीने वाटेचे फोटो त्याला घरी आठवडाभर दाखवून ठेवले होते, त्यामुळे पुढे काय येणार हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो पुढे आणि मी मागे, असं झालं.

रंग तेच होते. तेच मेपल, तेच बर्च. फक्त इथे पाण्याचा गडगडाट नव्हता. पायाखाली पानांची कुरकुर ऐकू येत होती.

नातू पानं गोळा करायला लागला. मला वाटलं, चला, रंग आवडले वाटतं. मी एक लालभडक पान उचलून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, उलटं केलं, आणि देठाचं टोक डोळ्याजवळ नेलं. मग दुसरं. मग तिसरं. पानाकडे बघतच नव्हता, प्रत्येकाच्या देठाचं टोक बघत होता. मग एका बाकावर त्याने आठ पानं ओळीने मांडली, सगळ्यांचे देठ आपल्याकडे, टोकं अगदी एका रेषेत.

"काय बघतोस रे?" मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. माझा हात धरला (तो स्वतःहून क्वचितच हात धरतो), माझं बोट एका देठाच्या टोकावर ठेवलं आणि म्हणाला, "गोल."

खरंच होतं. टोक फाटलेलं नव्हतं, ओबडधोबड नव्हतं. स्वच्छ, किंचित फुगीर, बटणासारखं.

लेक शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिने बाकावर बसून मला समजावलं, ते तुम्हालाही सांगते, कारण इतकी वर्षं मला वाटत होतं की थंडीने पानं 'मरतात' आणि वाऱ्याने 'तुटतात'. तसं नाही. दिवस लहान व्हायला लागला की झाडाला कळतं. पानातला हिरवा रंग, म्हणजे क्लोरोफिल, सतत नवा बनवावा लागतो. झाड तो बनवणं थांबवतं, असलेला मोडतं आणि त्यातला नायट्रोजनसारखा उपयोगाचा ऐवज खोडात-मुळांत परत नेतं. हिरवा गेला की पिवळा दिसतो. तो पिवळा नवीन नसतो, उन्हाळाभर पानातच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र बहुतेक त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण हिमकण नाहीत, असे दिवस आले की लाल रंग चांगला चढतो.

आणि देठ? देठ जिथे फांदीला जुळतो तिथे पेशींचा एक पातळ थर तयार होतो. तो हळूहळू सुटत जातो, आणि फांदीच्या बाजूने जखम आधीच बंद केली जाते, बुचाच्या सालीसारख्या थराने. त्यामुळे पान पडतं तेव्हा झाडाला ओली जखम राहत नाही. शिवाय त्या खुणेच्या अगदी वर पुढच्या वर्षीचा कोंब आधीच बसलेला असतो, उन्हाळ्यातच तयार झालेला. नातवाने फांदी वाकवून तोही दाखवला. त्याला ते आधीपासून ठाऊक होतं.

म्हणजे धबधब्याजवळ शेकडो लोक रंग बघत होते. खरं काम जिथे चाललं होतं ती जागा हा मुलगा बघत होता.

मी भारावून म्हणायला लागले, "अगं, म्हणजे आपला हा पण त्या पिवळ्या रंगासारखा..." लेकीने मला मधेच थांबवलं. "आई, त्याला कशाची उपमा देऊ नकोस. तो मुलगा आहे. त्याला देठ आवडतात. बस."

आणखी एका शब्दावरून तिने मला टोकलं. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मी कुठेतरी वाचून तो वापरला. ती म्हणाली, "तो स्वतःत मग्न नाहीये. उलट त्याला बाहेरचं सगळं जास्त ऐकू येतं, जास्त दिसतं. तुला धबधबा एक आवाज वाटला. त्याला ते शंभर आवाज होते." शब्द पुस्तकांत आहे, सरकारी कागदांतही असेल. पण हे ऐकल्यापासून माझ्या तोंडी येत नाही.

घरी आल्यावर मी या बागेबद्दल थोडं वाचलं. विल्यम प्रायर लेचवर्थ हे बफेलोचे कारखानदार. घोड्याच्या खोगिराला लागणारं लोखंडी सामान बनवण्याचा त्यांचा धंदा होता. १८५९ साली त्यांनी मधल्या धबधब्याजवळची जमीन घेतली. लाकूडतोडीने उजाड होत चाललेल्या त्या जागेत त्यांनी झाडं लावली, आणि १९०६ साली सुमारे हजार एकर राज्याला देऊन टाकली. पण त्यांचं दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटलं. १८७३ पासून ते राज्याच्या धर्मादाय मंडळावर होते. त्या काळी अनाथ, गरीब, अपंग मुलांना मोठ्या माणसांबरोबरच गरीबखान्यांत कोंडत. ती मुलं तिथून बाहेर काढावीत म्हणून त्यांनी खटपट केली, आणि मिरगीच्या रुग्णांची काळजी कशी घ्यावी यावर पुस्तक लिहिलं.

त्यांच्याच नावाची एक मोठी निवासी संस्था १९११ साली न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागात निघाली, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी. हेतू चांगला होता. पण शहरापासून लांब, नजरेआड ठेवलेल्या माणसांचं जे होतं तेच झालं. १९७२ साली तिथली गर्दी आणि हेळसांड टीव्हीवर लोकांनी पाहिली, आणि १९९६ साली ती बंद झाली. त्याच नावाच्या बागेत २०२१ साली ही वाट झाली, आणि ती बागेच्या एखाद्या कोपऱ्यातल्या बंद इमारतीत नाही, तर जिथे सगळी दुनिया रंग बघायला येते तिथेच. चूक कळायला आणि सुधारायला एवढा काळ लागला.

१९०६ हे साल वाचून मी थबकले होते. त्याच साली आपल्या सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, सगळ्या मुलांसाठी. आणि विश्वामित्रीकाठची आपली कमाटीबाग त्याच्याही आधीची, १८७९ ची. आपल्यालाही नदीकाठची बाग आणि 'सगळ्यांसाठी' हा शब्द वारशात मिळालाय. आपल्या देशाच्या २०१६ च्या अपंगहक्क कायद्यातही ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा झाला. मंडळाचं काय?

गटावर फोटो पाठवायचे राहिले होते. मी धबधब्याचा एक पाठवला, आणि दुसरा बाकावर मांडलेल्या आठ देठांचा. खाली लिहिलं : "हे आमच्या नातवाने मांडले. त्याला ऑटिझम आहे. त्याला गर्दी आणि आवाज सोसत नाहीत, देठ आवडतात." पाठवायचं बटण दाबायला मला दहा मिनिटं लागली.

गटावर नेहमीप्रमाणे हात जोडलेली आणि फुलांची चित्रं आली. पण रात्री, म्हणजे आपल्याकडच्या सकाळी, एक फोन आला. नाव सांगत नाही. मंडळातल्याच एक. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही आहे. मुलीचा मुलगा. चार वर्षं आम्ही गणपतीला आणलं नाही त्याला. ढोल सुरू झाले की..." आणि मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही.

म्हणून हा लेख तुम्हा तरुण मंडळींसाठी. कार्यक्रमांचं आयोजन आता तुम्हीच करता. फार काही नको. प्रत्येक कार्यक्रमात एक खोली शांत ठेवा, दिवे मंद, स्पीकर नाही. आरतीला ढोल किती वाजता सुरू होणार हे निमंत्रणातच लिहा, म्हणजे घरच्यांना मुलाला आधी सांगता येईल, किंवा तेवढा वेळ बाहेर नेता येईल. प्रसादाची रांग कुणाला जमत नसेल तर पान जागेवर नेऊन द्या. हिवाळ्यात एखाद्या सकाळी, गर्दी व्हायच्या आधी, कमाटीबागेत दोन-चार घरांनी मिळून जाऊ या. एखादं मूल कानावर हात ठेवून उभं दिसलं, तर त्याचा हात बाजूला करू नका. हे मी अनुभवावरून सांगते.

आणि माझ्या वयाच्या बायकांनो, "जरा लाजाळू आहे हो" हे वाक्य आता पुरे करू या. ज्याच्याबद्दल आपण ते म्हणतो तोही ते ऐकत असतो.

निघायच्या दिवशी नातवाने माझ्या पर्समध्ये काहीतरी ठेवलं. विमानात उघडून बघितलं. पान नव्हतंच. पान काढून टाकून फक्त देठ ठेवला होता, गोल टोकाचा. माझ्या डायरीत आहे. भेटाल तेव्हा दाखवीन.